धारकड्याचे रोखे

धारकड्याच्या बुरुजांवरचे धुके ओसरले, आणि खाली तिन्ही बाजूंना गनिमाच्या राहुट्या अशा दाट दिसू लागल्या, की घारीखेरीज कुणाला बाहेर जायला वाटच उरली नव्हती! चौथ्या बाजूला कडा. तिथून फक्त मरण उतरत होते.

रोज पहाटे जमादाराने दरवाजाच्या किल्ल्या किल्लेदारीण आवडाबाईंपुढे ठेवायच्या आणि त्यांच्याच हातून परत घ्यायच्या, असा गडाचा रिवाज. आज मात्र जमादार सटवोजीने किल्ल्या कमरेलाच ठेवल्या.

"गुस्ताखी माफ, बाईसाहेब. दरबाराने पगार रोख्यांत दिला. शंभराचा रोखा, सालाला सहा रुपये व्याज. आता सावकार रुद्राप्पा पन्नासच देतो म्हणतो. रोखे बुडाले! खाली गनीम पुरे शंभर मोजतोय. दरवाजा उघडला की."

"बुडाले नाहीत, सटवोजी. वेढा पडायच्या आधी दरबाराने लढाईसाठी नवे रोखे काढले, बारा व्याजाचे. बारा मिळत असताना तुझ्या सहाला शंभर कोण देईल? पन्नासाला घेतला, तरच त्याला बाराचा हिशेब बसतो. भाव पडलाय, दरबार नाही! मुदत लांबची आहे, पण भरली की तुला पुरे शंभर मिळतील. तह होऊन व्याज उतरलं, तर त्याआधीच भाव चढेल."

"मुदतीपर्यंत जगलो तर ना! गडावर उंदीरसुद्धा शोधावा लागतो."

शिपाई हसले, पण कोरडे.

"बाईमाणसाला व्यवहारातलं काय कळतं?" मागून रुद्राप्पा ओरडला. "बुडाले ते बुडाले!"

"मग बुडालेल्याला पन्नास तरी का देतोस रे?" आवडाबाईंनी विचारले.

शिपाई वळून रुद्राप्पाकडेच बघू लागले.

आवडाबाईंनी अंगावरचे सोने दरबाराला देऊन घेतलेले बाराचे रोखे पुढे केले. "एकास एक बदलून घ्या. तोटा माझा. तरीही दरवाजा उघडायचाच असेल, तर मला तुडवून उघडा." आणि त्या खरोखरच दरवाजाला पाठ लावून बसल्या.

मग सटवोजीने कमरेच्या किल्ल्या सोडून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

दरवाजा बंदच राहिला, भूकही आतच राहिली. कुमक पोहोचली तेव्हा निम्मे शिपाई उरले होते. सटवोजी त्यांत नव्हता. तह झाला, नवे रोखे चार व्याजाचे निघाले, आणि जुन्या सहाच्या रोख्यालाही शंभरावर भाव आला. बाराच्याचे तर विचारूच नका!

त्या दिवसांत सटवोजीची बायको गोदू बाराचा रोखा घेऊन आली आणि आपला सहाचा मागू लागली.

"वेडी का तू? हा कितीतरी महाग आहे. ठेव."

"न्हाई, बाईसाहेब. धनी सांगून गेलं, आपला पगार सहाचाच ठरला हुता."

वेढ्यात एकदाही न रडलेल्या आवडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.