ऑरिन मेला, असं कोण म्हणालं?

"ब्रदर स्टॉडर्ड, मला मारून टाका ना! आत्ताच्या आत्ता!"

"मरण असं मागून मिळत नसतं, पोरी. गाडी ओढ."

"पण टॅम्सिनला तर सकाळीच मारलंत!"

"तिने मागितलं नव्हतं." ब्रदर स्टॉडर्ड मिशीतल्या मिशीत हसले आणि खिसा थोपटत पुढे गेले. त्या खिशात काळ्या काठांची कार्डं होती.

आफ्टन लंडक्विस्टने हातगाडीच्या दांड्यावर कपाळ टेकलं. पंधरा वर्षांची, उंच, आणि सध्या जगावर रागावलेली! पायघोळ झगा, पायाला फोड, फोन जप्त, आणि चहूकडे अमेरिकेतल्या वायोमिंगचं उजाड माळरान. पणजोबांच्या पणजोबांनी पश्चिमेच्या नव्या वस्तीकडे जाताना इथून हातगाड्या ओढत नेल्या, म्हणून चर्चमधल्या मुलांनीही दर चार वर्षांनी तीन दिवस त्या ओढायच्या! पणजोबांना नाइलाज होता. आपल्याला काय झालंय, हे तिला कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

आणि त्यात ही मरणाची गंमत. जुन्या काळी वाटेत पुष्कळ माणसं दगावली, त्यांची आठवण म्हणून ब्रदर स्टॉडर्ड अधूनमधून एखाद्याच्या हातात कार्ड ठेवत. त्यावर लिहिलेलं असे, 'पटकी. मृत्यू.' मग त्या मेलेल्याने आपली पाण्याची बाटली घ्यायची, दंडाला पांढरी फीत बांधायची आणि सगळ्यांच्या मागून मेलेल्यांच्या रांगेत चालायचं. संध्याकाळपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पण गाडीही ओढायची नाही! आफ्टनच्या मते सगळ्या माळावर सुखी होते ते फक्त मेलेलेच.

"माझं ऐक," शेजारी दांडा ओढणारा जेरम म्हणाला. "पिठाची पिशवी हो. तिला तर मेल्यावर उचलूनही नेतात."

प्रत्येक गाडीला एक 'बाळ' दिलेलं असे. यांचं बाळ म्हणजे दुपट्यात गुंडाळलेली पाच किलो पिठाची पिशवी होती. नाव बेबी हॅना. सकाळीच ती 'वारली' होती. त्यांच्या गाडीच्या 'मां'ना, म्हणजे खेळातली आई झालेल्या सिस्टर यॉर्गन्सनना, खरोखर रडू आलं होतं. जेरमलाही वाईट वाटलं होतं, कारण त्या पिठाचे पॅनकेक करायचा त्याचा बेत होता.

चढ संपला. गाड्या थांबल्या. 'पा' म्हणजे ब्रदर यॉर्गन्सन एरवी दातांचे डॉक्टर, पण तीन दिवसांपुरते नऊ मुलांचे बाप. त्यांनी गाडीभोवतीची मुलं बोटाने मोजली. "सात." मग वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "स्टॉडर्ड, आमचे किती मेले?"

"दोन!" खरखरत उत्तर आलं.

"सात आणि दोन नऊ. छान! सगळे आहेत." आणि पा पुन्हा गाणं गुणगुणायला लागले.

दोन? आफ्टनने मान वळवून पाहिलं. एक टॅम्सिन. मग दुसरा कोण? अरेच्चा, ऑरिन! तिचा धाकटा भाऊ दुपारच्या जेवणानंतर दिसलाच नव्हता. म्हणजे त्यालाही कार्ड मिळालं! चौदा वर्षांचं ते कार्टं मजेत मागून हात हलवत येतंय आणि आपण इथे बैलासारखे जुंपलेलो! तिचं डोकं अजूनच तापलं. "त्याला काय म्हणून मारलं? तो तर हौसेने गाडी ढकलत होता!"

तिने पाणी प्यायला गाडीच्या मागच्या आकड्याकडे हात नेला आणि तो तसाच राहिला. आकड्याला ऑरिनची निळी बाटली लटकत होती. काठोकाठ भरलेली.

"जेरम, मेलेल्यांनी आपली बाटली न्यायची असते ना?"

"असते. स्टॉडर्ड त्याशिवाय मरूच देत नाहीत."

"मग ही?"

जेरमने बाटली हलवून पाहिली आणि मागच्या वाटेकडे मान वळवली.

आफ्टन धावत पांकडे गेली. "विसरला असेल गं," पा म्हणाले. "स्टॉडर्ड पाजतील त्याला पाणी." ती तशीच मागे पळाली, पण ब्रदर स्टॉडर्डनी वाटेतच हात आडवा केला. मेलेल्यांची रांग टेकाडापलीकडे झुडपांच्या सावलीत बसली होती, इथून कुणी दिसत नव्हतं.

"जिवंतांनी पलीकडे जायचं नाही. नियम आहे."

"फक्त माझा भाऊ तिथे आहे का, एवढंच सांगा!"

"तुमचे दोघे आहेत. मी स्वतः मोजलेत. उगीच वातावरण बिघडवू नकोस."

आफ्टन परत आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तीन तास झाले होते. डोक्यावर ऊन आणि पोराजवळ पाण्याचा थेंब नाही! जेरमने तिच्याकडे पाहिलं, हॅट नीट केली आणि म्हणाला, "थांब. मी मरून बघून येतो."

आणि ब्रदर स्टॉडर्डच्या बुटांसमोरच त्याने अंग टाकलं. "आई गं! पोटात कळ! पटकी झाली हो मला! मां, माझे पॅनकेक सांभाळा!"

"ऊठ रे, नाटक्या!"

"मेलो! गेलो! माझी हॅट गरिबांना द्या!"

पुढच्या तीन गाड्यांतली मुलं खिदळायला लागली. "घे बाबा, घे!" ब्रदर स्टॉडर्डनी वैतागून त्याच्या छातीवर कार्ड टाकलं. मेलेला टुणकन उठला, बाटली घेऊन टेकाडापलीकडे पळाला आणि अर्ध्या मिनिटात परत टेकाडावर उगवला.

"ऑरिन इथे नाहीये!" तो घसा फोडून ओरडला. "आपली टॅम्सिन आहे आणि पिठाची पिशवी आहे! झाले दोन!"

"मेलेले बोलत नाहीत!" ब्रदर स्टॉडर्ड गरजले.

"मग मी जिवंत झालो! अहो, तुम्ही पिशवी मोजलीत!"

ब्रदर स्टॉडर्डनी बोटांवर पुन्हा मोजलं. पांचं गाणं थांबलं. मोहिमेचे प्रमुख ब्रदर हॉज धावत आले आणि त्यांनी सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबवल्या.

"शेवटचा कुठे पाहिलात त्याला?"

"जेवणाच्या ओढ्याच्या जरा पुढे," जेरम म्हणाला. "निघाल्यावर मला विचारत होता, आफ्टनची टोपी कुठे गेली? मी म्हटलं, तिने ओढ्याकाठी झुडपाला टांगली आणि मुद्दाम सोडून आली."

ती पिवळी झालरीची टोपी आईने तीन संध्याकाळ बसून शिवली होती. आफ्टनला ती घालून स्वतःचं तोंड शेळीसारखं दिसायचं. म्हणून तिने ती टांगली होती. आणि निघताना आई म्हणाली होती, "ऑरिनकडे लक्ष ठेव हं." तिने ठेवलं होतं का लक्ष? सकाळपासून ती त्याला एवढंच म्हणत होती, "माझ्या मागे मागे येऊ नकोस!"

"तो टोपी आणायला गेलाय," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेलाय."

मदतीची जीप निघाली. पा चालवत होते, मागे प्रथमोपचाराची पेटी घेऊन मां, आणि आफ्टन-जेरम. आफ्टनने हात छातीशी बांधले, मान खाली घातली आणि मनातल्या मनात प्रार्थना केली. तिला लांबलचक काही सुचेना. 'तो सापडू दे. मी गाडी ओढीन, कुरकुर करणार नाही,' एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

ओढ्याकाठी झुडूप होतं. टोपी नव्हती.

"म्हणजे इथवर आला आणि परत फिरला!" पा म्हणाले. "पण मग वाटेत आपल्याला दिसला कसा नाही? पुन्हा रस्त्याने बघत जाऊ."

"रस्त्याने नको!" आफ्टन ओरडली. "तो शाळेतूनसुद्धा कधी रस्त्याने येत नाही, लोकांच्या परसांतून येतो! रस्ता टेकडीला वळसा घालतो ना? तो घळीतून सरळ गेला असणार."

घळीत जीप जात नव्हती. चौघं पायीच उतरले. आफ्टनने दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली, दोन आखूड आणि एक लांब. बाबा दोघांना जेवायला बोलवताना घालत, तीच ही शीळ.

सगळं शांत. फक्त वारा.

तिने पुन्हा घातली. घाईत जरा फुसकीच निघाली.

आणि दुरून, खडकांमागून, उत्तर आलं. दोन आखूड, एक लांब!

आफ्टन झगा गुडघ्यांपर्यंत उचलून धावली. खडकाच्या चिंचोळ्या सावलीत ऑरिन बसला होता. एका पायातला बूट काढलेला, घोटा सुजून टम्म. आणि डोक्यावर हनुवटीखाली गाठ मारलेली झालरीची पिवळी टोपी!

"ऊन लागत होतं," तो ओशाळून म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

आफ्टन हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिने त्याला इतकं घट्ट धरलं की तो म्हणाला, "अगं, पाय! पाय!"

"मूर्खा! टोपीसाठी कुणी येतं का इतक्या लांब?"

"आईला वाईट वाटलं असतं. आणि तुलाही. नंतर." तिने आणलेली निळी बाटली त्याने घटाघट रिकामी केली. "बिळात पाय गेला. ओरडून ओरडून घसा बसला. मला वाटलं, कोणीतरी येईलच."

"अरे, पण सांगून तरी जायचंस!" पा म्हणाले.

"सांगितलं की! तुम्हालाच. तुम्ही गाणं म्हणत होतात. 'हो हो' म्हणालात."

पांचे कान लाल झाले. मांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की माळावर खरी पटकी आली असती तर तीही परत फिरली असती. जेरम म्हणाला, "ऑरिन, ही टोपी तुला शोभते हं," आणि सगळ्यांना इतकं हसू आलं की थांबवता थांबेना. सगळं ठीक होतं! पोरगं सापडलं होतं, धडधाकट, एक घोटा सोडला तर.

तळावर जीप शिरली तेव्हा ऐंशी मुलांनी एकच गिल्ला केला. ब्रदर स्टॉडर्ड पुढे आले. त्यांनी खिशातली सगळी कार्डं काढली आणि शेकोटीत टाकली. मग आफ्टनसमोर हॅट काढून उभे राहिले.

"तू विचारत होतीस, आणि मी तुला नियम सांगत बसलो. चुकलो मी."

"बावीस वर्षं मी ही मोहीम नेतोय," ब्रदर हॉज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आज आम्ही मोठी माणसं आकडा जुळला म्हणून निवांत होतो. या दोघांनी बाटली पाहिली आणि विचारलं, पोरगा कुठे आहे? तुमच्या पणजोबांना तुमचा अभिमान वाटला असता. जेरम, तुझ्या मरण्याचाही!"

जेरमने लवून मुजरा केला. लोखंडी भांड्यातलं गरमागरम पीच कॉबलर, म्हणजे पीच घालून भाजलेलं गोडधोड, पहिल्यांदा त्या तिघांना मिळालं. दुसऱ्यांदाही.

सकाळी निघताना ब्रदर हॉजनी वही उघडली. "आजपासून आकडे बंद! नावं. आणि ज्याचं त्याने उत्तर द्यायचं. जेरम पीटरसन?"

"जिवंत!"

"टॅम्सिन रोव्ह?"

"जिवंत!"

"बेबी हॅना?" मागून ब्रदर स्टॉडर्डनी हळूच विचारलं.

"तिचे मघाशी पॅनकेक झाले!" जेरम म्हणाला.

"ऑरिन लंडक्विस्ट?"

"जिवंत!" गाडीतल्या पोत्यांवर पाय पसरून बसलेला ऑरिन ओरडला.

"आफ्टन लंडक्विस्ट?"

आफ्टनने टोपीची पिवळी नाडी हनुवटीखाली घट्ट केली.

"जिवंत!" ती इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या गाडीवालेही वळून बघायला लागले. मग तिने दांडा छातीशी धरला आणि भावासकट गाडी ओढायला लागली.