अडकलेली हाक

केजच्या बाजारपेठेत नागप्पा हालगे यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच दुकानाच्या माडीवर त्यांच्या मुलाचा, केदारनाथचा, व्हिडिओचा धंदा. खाली धोतरजोड्या आणि लुगडी. वर कॅमेरा, दिवे, आणि दोन हजार साल उजाडलं त्या वर्षी पुण्याहून जीपमध्ये मांडीवर धरून आणलेला कॉम्प्युटर. लग्नाच्या कॅसेटी त्यात उतरवून घ्यायच्या, नको ते कापायचं, नवरा-नवरीला गुलाबाच्या पाकळ्यांतून बाहेर काढायचं आणि सगळ्याची सीडी करून द्यायची. लोक त्याला मिक्सिंग म्हणत. तालुक्यात मिक्सिंग करणारा तेव्हा केदारनाथ एकटाच होता, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता.

माघ महिन्यात खडकवाडीचा विजयसिंह पिशवीभर कॅसेटी घेऊन माडीवर आला. त्याचे वडील सुंदरराव गावातले मोठे शेतकरी, जिल्हा परिषदेचे जुने सदस्य. वर्षभर लकव्यानं अंथरुणाला खिळून ते आदल्या फाल्गुनात वारले होते. वर्षश्राद्धाला शाळेच्या मैदानावर मोठा पडदा लावून त्यांच्या आयुष्यावरची फिल्म दाखवायची, असं विजयसिंहाच्या मनात होतं. पाहुणे यायचे होते, पत्रिका छापायला गेल्या होत्या. केदारनाथनं काम हसत घेतलं. त्यातल्या निम्म्या कॅसेटी त्यानंच शूट केलेल्या होत्या आणि सुंदरराव त्याला लहानपणापासून ओळखत.

सुरुवातीचे दिवस काम सुरळीत चाललं. मग गावच्या वाचनालयाच्या उद्‌घाटनाचं भाषण आलं. माईकसमोर उभे राहून सुंदरराव म्हणतात, "तालुक्याला जे मिळतं, ते माझ्या गावच्या पोरांना मिळालं पाहिजे." त्यातल्या पहिल्याच अक्षरावर चित्र थांबलं. सुंदररावांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि स्पीकरमधून तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला. ता… ता… ता…

कॉम्प्युटर हँग होणं ही काही नवलाई नव्हती. केदारनाथनं तीन बटणं एकदम दाबून प्रोग्राम बंद करून पाहिला. तो बंद होईना. माऊसचा बाण हलेना. शेवटी मशीनच बंद करून पुन्हा चालू केलं. चित्र पुन्हा तिथंच येऊन थांबलं.

मग जे जे माहीत होतं ते त्यानं सगळं केलं. कॅसेट पुन्हा उतरवली. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून आतली धूळ फुंकली, टेबलफॅन आडवा करून त्यावर वारा सोडला. एसटीडी बूथवरून पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, फॉरमॅट मार. केदारनाथनं फॉरमॅट मारलं, सगळं नव्यानं भरलं, आणि कामाचा आठवडा त्यात वाहून गेला. पुन्हा तेच अक्षर, पुन्हा तेच उघडं तोंड. खाली दुकानात लुगडी बघणाऱ्या बाया वर मान करून नागप्पांना विचारायच्या, वर कोण बोलतंय म्हणून. नागप्पा म्हणायचे, मशीन हाय. पण दुपारी जेवायला वर येणं त्यांनी सोडून दिलं.

शेवटी केदारनाथनं ते भाषणच काढून टाकलं. त्या जागी सुंदररावांच्या मुलीच्या लग्नातली पंगत लावली. तिथं कुणी बोलत नव्हतं, नुसता बँड वाजत होता, आणि सुंदरराव कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकून बुंदी वाढत होते. केदारनाथ खुर्चीत मागं रेलला.

बँड मध्येच तुटला. ता… ता… ता… ता…

त्यानं पडद्याकडे पाहिलं. सुंदररावांची पाठ दिसत नव्हती. बुंदीचं ताट तसंच हातात होतं, वाकलेलं अंग तसंच होतं, पण मान पूर्ण वळून चेहरा कॅमेऱ्याकडे आला होता. तोंड उघडं. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपचा ड्रायव्हर कळंबची सीटं ओरडत होता. केदारनाथनं मूळ कॅसेट व्हीसीआरमध्ये घालून पाहिली. त्यात पंगत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सुंदररावांची पाठच होती.

विजयसिंहाला त्यानं एवढंच सांगितलं की मशीन अडतंय, कुणा दुसऱ्याकडं द्या. विजयसिंह चिडला. दुसरा हाय का कुणी तालुक्यात, असं त्यानं विचारलं, आणि ते खरंच होतं.

बाजाराच्या दिवशी ताराबाई आल्या. सुंदररावांची बायको, विजयसिंहाची आई. भर दुपारी एकट्याच जिना चढून, पदर सावरत दारात उभ्या राहिल्या. मुलगा घरी कटकट करतो म्हणून काय अडलंय ते बघायला आले, म्हणाल्या. केदारनाथनं खुर्ची दिली, पाणी दिलं. तो मशीन बंद करायला गेला तेव्हा ताराबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. पडद्यावर नवरा उघड्या तोंडानं त्यांच्याकडे बघत होता आणि स्पीकर चालू होता. त्या बराच वेळ ऐकत बसल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं.

मग हळू आवाजात सांगू लागल्या. लकवा झाल्यावर सुंदररावांची वाचा गेली, एवढं एकच अक्षर राहिलं. दिवसभर, रात्रभर. घरातले म्हणायचे, तुम्हाला बोलावतेत. ताराबाई हातातलं टाकून पळत जायच्या. समोर जाऊन उभ्या राहिल्या की ते तोंड फिरवायचे, आणि चांगला हात पलंगावर आपटून पुन्हा सुरू करायचे. आलेगेले म्हणायचे, किती जीव होता बाईवर.

"मला न्हवते बोलवत," ताराबाई म्हणाल्या. "त्यांनी जन्मात कवा मला नावानं हाक मारली न्हाई, बाळा. ऐकतीस का, एवढंच म्हणायचे."

मग कुणाला, असं केदारनाथनं विचारलं. ताराबाई उठल्या. "आता ते सांगून काय उपेग," म्हणाल्या, आणि कठड्याला धरून जिना उतरून गेल्या.

कार्यक्रम तोंडावर आला तेव्हा केदारनाथनं हार मानली. हलणारं एकही चित्र त्यानं ठेवलं नाही. घरातले जुने फोटो स्कॅन केले, एकामागून एक लावले आणि खाली बासरीवरची भजनं सोडली. ते मात्र चाललं. सकाळी चाललं, दुपारी चाललं, शेवटापर्यंत गेलं. त्याला हायसं वाटलं. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून त्यानं जीपमध्ये घातला आणि खडकवाडीला गेला.

दिवेलागणीला मैदान भरलं. पुढं पाहुणे, एका बाजूला बाया, मागं गडीमाणसं. भाषणं झाली. पडद्यावर फोटो सरकू लागले आणि लोक आपापल्यात बोलू लागले, हा अमक्या सालचा, हा तमक्या सभेतला. मग सुंदररावांचा तरुणपणीचा फोटो आला. स्टुडिओत काढलेला, फेटा बांधून, ओठ घट्ट मिटून. बासरी थांबली.

दोन्ही कर्ण्यांतून आवाज फुटला. ता… ता… ता… मैदानावरून, घरांवरून, पलीकडच्या रानात जाऊन तो परत येऊ लागला. केदारनाथनं बटणं दाबली. पुन्हा दाबली. विजयसिंह धावत येऊन कानाशी म्हणाला, "बंद कर बे, बंद कर ते." त्या गडबडीत केदारनाथची नजर पडद्याकडे गेली. फोटोतले ओठ मिटलेले नव्हते.

त्यानं वायर उपसून काढली. पडदा काळा झाला, कर्णे मुके झाले. क्षणभर एवढं मोठं मैदान इतकं गप्प झालं की बायांच्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

आणि माणसांच्या मागून, रानाच्या बाजूनं, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा एक आवाज आला.

"आलो, मालक…"

माना वळल्या. मागं कुणी नव्हतं. शाळेची भिंत होती आणि भिंतीपलीकडे खडकाळ रान. कुणीतरी म्हातारा असेल, पिऊन आला असेल, असं म्हणत लोक उठले. विजयसिंहानं पाहुण्यांना जेवायला नेलं. केदारनाथ वायरी गुंडाळत बसला.

ताराबाई त्याच्याजवळ येऊन खाली मातीत टेकल्या. त्या वेळी त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात सुंदररावांनी त्या खडकाळ रानात विहीर घेतली होती. तात्याबा नावाचा त्यांचा सालगडी होता, दोघं एका वयाचे, बरोबर वाढलेले. तो खाली खोदत असताना एका अंगाची दरड सुटली. तात्याबा आत गाडला गेला, पण मेला नाही. दगडांच्या फटीतून त्याचा आवाज यायचा. सुंदरराव काठावर पालथे पडून हाका मारायचे, आणि खालून ओ यायची, आलो मालक, दोर सोडा. दोर सोडायला जागा नव्हती. एक दगड हलवला की वरून दुसरे घसरायचे. अख्ख्या गावानं जीव तोडून बघितलं. दिवस मावळेपर्यंत ओ येत राहिली, मग थांबली. सुंदरराव मात्र सकाळपर्यंत हाका मारत होते. विहीर बुजवली, आणि पुढं जन्मभर त्या माणसानं ते नाव तोंडातून काढलं नाही.

"ते गेले, आन् हा आता म्हणतोय आलो," ताराबाई म्हणाल्या. "याला मी काय सांगू?"

केदारनाथनं कॉम्प्युटर पुन्हा गोधडीत गुंडाळला. तो जीपमध्ये घालून रात्रीच केजला परतला.

त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. वाचनालयाचं भाषण तालुक्याच्या 'ता'पासून शेवटच्या टाळ्यांपर्यंत सरळ चाललं. पंगतीत सुंदररावांची पाठ होती, मूळ कॅसेटीत होती तशी. केदारनाथनं ठरलेली फिल्म पुरी केली, सीडी केली, आणि चैत्राच्या उन्हात स्वतःच ती द्यायला खडकवाडीला गेला.

विजयसिंह ओसरीवर बसला होता. चेहरा उतरलेला. सीडी त्यानं न बघता बाजूला ठेवली. आई दिवसभर रानात जाऊन बसती, म्हणाला. कुणाचं ऐकत न्हाई, बीडच्या डॉक्टरला दाखवलं तर तो झोपेच्या गोळ्या देतो. तू बोलून बघ, तुझ्याशी बोलंल.

रानात एक बाभूळ होती. तिच्या तोकड्या सावलीत ताराबाई बसल्या होत्या. समोर जमीन जराशी खचलेली, एवढीच काय ती विहिरीची खूण. बाभळीच्या बुंध्याला एक जाड दोर बांधलेला होता आणि तो जमिनीवरून सरळ जाऊन खचलेल्या जागेच्या मधोमध मातीत शिरला होता.

ताराबाईंनी सांगितलं, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हे चऱ्हाट आणून नुसतं जमिनीवर पसरून ठेवलं. दोर मागितला होता, कुणी दिला नव्हता, म्हणून. पुढच्या सकाळी बघितलं तर त्याचं टोक मातीत गेलेलं होतं. मग रोज थोडं थोडं जात राहिलं.

केदारनाथला त्यांची कीव आली. म्हातारी स्वतःच रोज उकरून पुरत असणार, आणि तिचं तिलाच कळत नसणार. टोक बाहेर काढून दाखवलं तर तिच्या मनातलं जाईल, असं वाटून तो पुढं झाला. दोन्ही हातांनी दोर धरला आणि ओढला.

हातभर दोर सहज वर आला. तेवढा काळाभोर होता, आणि ओला. त्या सालात आसपासच्या शिवारात बोअरलासुद्धा पाणी नव्हतं, आणि त्या दोरातून गार पाणी ठिबकून केदारनाथच्या चपलेवर पडत होतं. त्यानं अजून ओढला. दोर ताठ झाला, पुढं येईना.

"माझ्या एकटीच्यानं न्हाई होत," ताराबाई मागून म्हणाल्या. "सोडू नको."

तो सोडणारच होता. तेवढ्यात, विहिरीत काम करणारा माणूस वरच्यांना ओढा म्हणून खूण करतो तसे, त्याच्या हातातल्या दोराला खालून दोन हिसके बसले. सावकाश.