हिरव्या विटा

शनवारा भागातल्या शालिग्राम सरांच्या ऑफिसात ललित नुकताच रुजू झाला होता. बांधायच्या घरांची थ्रीडी मॉडेलं करणं हे त्याचं काम, आणि तृप्तीचंही. त्या दुपारी पाण्याची बाटली भरायला जाताना तिची नजर त्याच्या स्क्रीनवर गेली आणि ती थबकलीच.

दर्शनी भिंतीवर त्याने विटांचं फिनिश चढवलं होतं. सांधे रेखीव, उन्हाची तिरीपही अगदी खरी... पण विटा शेवाळासारख्या हिरव्या!

"मस्करी करताय का?" ती हसली. "हिरव्या विटा कुठे मिळतात?"

ललित स्क्रीनजवळ वाकला. "हिरव्या आहेत? ...सच्ची?"

लाल आणि हिरवा त्याला लहानपणापासून सारखेच दिसायचे. "सरांना नका सांगू, प्लीज. ही नोकरी मुश्किलीने मिळालीये."

तिने नाही सांगितलं. उलट रोज घरी निघण्याआधी ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसू लागली. ती रंग सांगायची. खडबडीत गिलाव्यावर सकाळचं ऊन कसं अडखळतं, ते तो दाखवायचा. इतकी वर्षं आपण भिंती नुसत्या रंगवत होतो, नीट पाहिल्याच नाहीत, असं तिला वाटायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"आज ओढणी कोणत्या रंगाची?"

"ओळख ना."

"रंग नाही ओळखता येत. पण... कालच्यापेक्षा छान दिसतेयस."

ती घाईघाईने स्क्रीनकडे वळायची.

मग मावसबहिणीच्या लग्नासाठी ती फोपनारला गेली. परतली, तर ऑफिसात सगळे सरांच्या टेबलाभोवती उभे. दापोऱ्याच्या ग्राहकाला बैठकीच्या भिंती विटकरी हव्या होत्या. त्याला पाठवलेल्या चित्रांत त्या गडद हिरव्या होत्या.

"कोणी केलं हे?" सर तापले होते.

"मी, सर," तृप्ती पटकन म्हणाली. "जाण्याआधी फिनिश मीच लावलं होतं."

ललित उभा राहिला. "नाही सर, मी लावलं. मला लाल-हिरवा ओळखू येत नाही. आधीच सांगायला हवं होतं."

सरांनी चित्रं बाजूला सारली. "हो, सांगायलाच हवं होतं. यापुढे रंग तृप्ती बघेल. पोत आणि उजेड तू. आणि ग्राहकाला फोन तूच करायचास. आत्ता."

फोन करून तो बाहेर पडला, तशी तृप्तीने त्याला जिन्यातच गाठलं. "पागल आहेस का? नोकरी गेली असती तर?"

"गेली असती. पण माझी चूक तुझ्या नावावर... ते नसतं जमलं यार." तो एक पायरी उतरला, पुन्हा वर आला. "तृप्ती, तू रोज थांबायचीस... ते फक्त कामासाठी?"

"कामासाठी असतं तर ओव्हरटाइम मागितला असता."

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "मग... तुझ्या बाबांना भेटायला येऊ?"

"रविवारी ये."

"आणि सांगू काय त्यांना?"

कठड्यावरच्या त्याच्या हातावर तिने अलगद हात ठेवला. "आत्ता सरांना सांगितलंस ना, ते आधी सांग. बाकीचं... मी सांगते."