पाण्याची परवानगी

लोलो पोन्सो, म्हणजे पोन्सो आजोबा, शाळेचा जुना पहारेकरी. छावणीत रात्रीची जेवणं उरकली की नवे कॅडेट त्याच्या कंदिलाभोवती गोळा व्हायचे. त्या रात्री म्हाताऱ्यानं आधी सगळ्यांना पोटभर पाणी प्यायला लावलं, मगच तोंड उघडलं. गोष्ट आर्विनची, आणि आर्विन त्याच्या शेजारचा पोरगा. म्हणजे यातलं ऐकीव काही नाही, असं त्यानं बजावलं.

गेल्या साली, गुड फ्रायडेची रात्र. त्या रात्री देव मेलेला असतो. रविवारी तो उठेपर्यंत माणसाला कोणी वाली नाही. अशा रात्री आर्विन एका साध्याच कामाला निघाला होता. नेस्तोर नावाच्या कॅडेटच्या मयताला जायचं आणि शाळेचं पदक शवपेटीवर ठेवून यायचं. पदकावर कोरलं होतं, 'उत्तम शिस्त'.

आर्विन कॅडेटांचा कमांडर. जूनमध्ये लष्करी अकादमीत जायचा होता. तोवर फक्त गप्प बसायचं होतं. नेस्तोर ऊन लागून गेला असं शाळेनं कळवलं होतं, डॉक्टरनंही तेच लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण न विचारता घोटभर पाणी प्याला म्हणून त्याला भर उन्हात उभं केलं ते आर्विननं. भरलेली बाटली हातात दिली आणि हात समोर ताठ धरायला लावले. हलायचं नाही, अशानंच माणूस घडतो, म्हणाला. नेस्तोरनं तीनदा परवानगी मागितली. तिन्ही वेळा 'नाही'. मग जेवणाची घंटा झाली आणि आर्विन त्याला विसरून गेला.

मयताच्या घरी रात्र जागवायला पत्त्यांचे डाव पडले होते, कॉफी फिरत होती. शवपेटीच्या काचेवर कोंबडीचं एक पिवळं पिल्लू तांदळाचे दाणे टिपत होतं. टक. टक. ते बघून आर्विनबरोबर आलेल्या दोघा कॅडेटांचे चेहरे उतरले. खून झालेल्याच्याच पेटीवर पिल्लू सोडतात. दाणा काचेवर टिपला जातो, चोच खुन्याच्या काळजात बसते.

नेस्तोरच्या आईनं आर्विनच्या हातात कॉफी दिली. ओठांच्या भेगा मेणानं बुजवल्या, तरी दिसतातच रे, म्हणाली. पिल्लू सोडलं होतं धाकट्या भावानं, बुबोयनं. शाळा सोडून मासे विकणारा पोरगा. तो पेटीपासून हलला नव्हता.

"पदक कशाला आणलंस? पाणी आणायचं होतंस," बुबोय म्हणाला. "कमांडर ना तू? मागितलं होतं का त्यानं पाणी?"

"नाही."

पिल्लू थांबलं. मान वळवून आर्विनकडे बघत राहिलं. मग पुन्हा... टक.

बाहेर आल्यावर ते दोघे म्हणाले, पेट्रोल पंपावर थांबू. मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नसतं. वाटेत कुठंतरी टेकायचं, म्हणजे पाठीशी लागलेलं तिथंच सुटतं. आर्विन हसला.

"अधिकारी व्हायला निघालेत आणि मढ्याला भितात. जिवंत होता तेव्हा कोण भीत होतं रे त्याला?"

दोघांना तिथंच सोडून त्यानं मोटरसायकल उसाच्या मळ्यांमधून सरळ घरी घातली. गाडी जड चालत होती. मागं कोणी बसल्यासारखी.

घर निजलं होतं. अंगणातलं पिंप पाण्यानं भरलेलं होतं. आर्विन खाटेवर पडला.

टक.

पाल असेल.

टक. या वेळी छातीत.

मग खिडकीबाहेरून, अदबीनं...

"सर, पाणी पिण्याची परवानगी, सर?"

एक 'हो' पुरे होता. तो ओठांवर आलाही असेल. पण त्या जिभेला वळण एकच होतं.

"नाही."

"ठीक आहे, सर."

शांतता. टक.

"सर, पाणी पिण्याची..."

"नाही."

त्याचा घसा सुकला. उशाचा पेला उचलला... कोरडा. पाण्याचा जगही कोरडा. नळ नुसता फुसफुसला. तो अंगणात आला. पिंप खडखडीत.

पिंपाजवळ कोणीतरी उभं होतं. हात समोर, ताठ. हातात भरलेली बाटली.

बाटली पुढं आली.

आर्विननं ती घेतली...

पहाटे त्याची आई उठली, तर पोरगा अंगणात ताठ उभा. हात समोर. बाटली काठोकाठ भरलेली, थेंबही सांडला नव्हता. ओठ फाटलेले. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. खांद्याला हात लावला, तेव्हा तो पडला.

डॉक्टरनं लिहिलं, ऊन लागलं. रात्रीचं.

लोलोनं कंदिलाची वात कमी केली. एका पोरानं हळूच विचारलं, "पण लोलो, नेस्तोरला मिळालं का पाणी?"

ते बुबोयला विचारा, म्हातारा म्हणाला. पहिल्यांदा त्यानंच पाहिलं. उजाडलं तेव्हा पिल्लू काचेवर निजलं होतं, उरलेले दाणे तसेच पडले होते. पेटी बंद. काच पक्की बसवलेली. आत नेस्तोरचे ओठ ओले होते, आणि हनुवटीवरून एक थेंब खाली ओघळत होता.