पहिल्या आठवड्याचा नियम

ताट आजही जसंच्या तसं परत आलं!

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अनुसूयेनं ते पाहिलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्या नव्या आजींनी आल्यापासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि अनुसूया होती की त्या खोलीच्या दारापर्यंत जायची, मागे फिरायची, व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून पुन्हा तिथंच यायची... राजाजीनगरच्या त्या वृद्धाश्रमाची ती प्रमुख समाजसेविका, साऱ्या आश्रमाची अक्का! तिनं नुसती भुवई उंचावली तरी सगळे सुतासारखे सरळ व्हायचे. आज मात्र तिचाच पाय एका जागी ठरत नव्हता.

कारण त्या नव्या आजी म्हणजे सोयराबाई. तिच्या सासूबाई.

तिचा नवरा दामोदर गेला तेव्हा अनुसूया ऐन पंचविशीत होती. दुसऱ्या संसाराचा विचारही मनाला शिवू न देता तिनं नोकरी धरली, चामराजपेटचं घर सांभाळलं, धाकट्या दिराला, संताजीला, इंजिनीअर केलं, त्याचं लग्न लावून दिलं. आणि पुढं ती या आश्रमात कामाला लागली, तेव्हा याच सोयराबाई उंबऱ्यात उभ्या राहून कडाडल्या होत्या, "परक्या म्हाताऱ्यांची घाण काढणारी माझ्या घरात नको! आजपासून तू आमची कुणी नव्हेस!" संताजी मान खाली घालून उभा होता. एक शब्द... एकच शब्द तो बोलला असता तर! त्या दिवसापासून आश्रमातली एक खोली हेच अनुसूयेचं घर झालं.

आता सत्त्याण्णव साली कंपनी संताजीला अमेरिकेला पाठवत होती. मांडीचं हाड मोडलेल्या आईला त्यानं इथं आणलं, आणि जाता जाता पुटपुटला, "वहिनी, तुम्ही आहात म्हणूनच इथं आणलं. आईला सांगितलं नाही... सांगितलं असतं तर आली नसती."

तेव्हाच ती आत जाती तर! पण तो नियम आडवा आला. नव्या माणसाला पहिला आठवडा घरच्यांनी भेटायचं नाही, हा नियम अनुसूयेनंच घातलेला. घरचे येत, रडत, रडवून जात, आणि जरा कुठं रमू लागलेला जीव पुन्हा सैरभैर होई, म्हणून. हेतू एवढा चांगला, की त्याविरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती! कालच तिनं शेजारच्या खोलीत नव्यानं आलेल्या देवाप्पांच्या लेकीला, कावेरीला, फाटकातून परत पाठवलं होतं. "अक्का, स्वल्प बघून जाते हो, लांबूनच!" म्हणून ती पोर काकुळतीला आली होती. "नियम सगळ्यांना सारखा," असं अनुसूयेनं किती शांतपणे सांगितलं होतं!

"अक्का," ताट उचलत वॉर्डातला दयानंद म्हणाला, "नवीन माणसाजवळ पहिल्या दिवशी तुम्हीच बसता की. या आजींकडं का जात नाही?"

काय सांगणार? घरची म्हणावं, तर नियमानं जाता येत नव्हतं. परकी म्हणावं, तर दार उघडं होतं... पण ज्या शब्दानं काळीज फाटलं, तो आता आपल्याच तोंडानं उच्चारायचा? आणि खरं सांगायचं तर नियमाआड तिची भीतीही लपली होती. आत गेल्यावर त्यांनी पुन्हा 'तू कुणी नव्हेस' म्हटलं तर!

"सारख्या म्हणतात, सुनेला बोलवा. मी त्यांच्या सूनबाईंना, स्मिताताईंना, फोन लावला. त्या म्हणाल्या, भेटायचं नाही हा नियम तुमचाच ना?" दयानंद जरा घुटमळला. "आजींना तसं सांगितलं तर चिडल्या. म्हणे, ती नव्हे रे! माझी थोरली! मी घरातून हाकलली ती!"

अनुसूयेनं त्याच्या हातातलं ताट ओढून घेतलं. नवा ऊन भात वाढला, त्यावर सार ओतलं, आणि कुणाकडंही न बघता ती त्या खोलीत शिरली.

"आत्याबाई..."

सोयराबाईंनी मान वळवली.

"अनुसूया? तू? अगं, घरच्यांना सोडत नाहीत म्हणे इथं. तुला कसं सोडलं?"

"नियम माझाच आहे. मोडून आले."

"का गं मोडलास?"

"घरची आहे म्हणून..." ती ताट घेऊन उशाशी टेकली.

"पोरी!" सोयराबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुझ्या ज्या हातांचा मी विटाळ मानला, त्याच हातांची वाट बघत होते गं... मला क्षमा करशील?"

अनुसूयेनं भात कालवला आणि घास पुढं केला. सोयराबाईंनी तो घेतला... मग दुसरा, मग तिसरा.

"पलीकडचा तो म्हातारा," घास गिळता गिळता त्या म्हणाल्या, "दिवसभर 'कावेरी, कावेरी' करतो. त्यालाही कुणी असेलच ना गं?"

अनुसूयेचा हात थांबला. "आलेच, आत्याबाई," म्हणून ती तशीच उठली, भरभर फाटकापाशी गेली. पलीकडं बसस्टॉपवर, डबा पोटाशी धरून, कावेरी आजही उभी होती. अनुसूयेनं डाव्या हातानं कडी काढली. उजव्या हाताला भात तसाच होता.

"अक्का, आठवडा झाला नाही अजून," कावेरी बिचकत म्हणाली.

"नाही झाला," अनुसूया म्हणाली. "चुकलं माझं. ये, आत ये."