कार्ब्युरेटरची शीळ

कार्मेलो गावात सगळे सांगत, देल्फिना उरुतीचं मांजरसुद्धा तिच्यासमोर भूक लागल्याचं खोटं म्यांव करायला धजत नाही. आयुष्यभर विमा कंपनीसाठी जळकी गोदामं हुंगून ती आता खासगी तपास करायची. सोबतीला मावसबहीण नेल्बा. हिला जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद होता, पण किती वाजले ते मात्र दुसऱ्याला विचारावं लागे.

त्या दुपारी हिल्दो बारांदेगी आला आणि त्यानं टेबलावर एक फडकं सोडलं. आत कार्ब्युरेटर होता. काळाठिक्कर, अंगभर देवीचे वण पडल्यासारखा.

"बाई, हे माझ्या ट्रकचं काळीज. बापाचा ट्रक. असा चालता कार्ब्युरेटर देशात दुसरा मिळायचा नाही. सामान टाकून साल्तोला लेकीकडे निघणार होतो, कायमचा. आता कसला जातोय!"

"कुणी केलं?"

"विल्मारनं. ज्याला मी पाना धरायला शिकवलं, त्यानं! संध्याकाळी आमचं जुन्या गाड्यांचं मंडळ त्याला हाकलणार आहे. तुम्ही फक्त त्याच्या तोंडून वदवून घ्या."

"म्हणजे निकाल लागलाय, तपास तेवढा राहिलाय," देल्फिना म्हणाली. "झालं काय?"

"मंडळाचं अल्ट्रासोनिक यंत्र आहे ना? टबात साबणाचं कोमट पाणी, त्यात सुटे भाग जाळीत टांगायचे. बारीक बुडबुडे फुटतात, आणि ब्रशचा केस शिरत नाही तिथलीही घाण निघते. काल रात्री मी हा आत टांगला आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर हा असा."

"आधी फार घाण होता?"

"बाहेरून काजळी. आतल्या वाटा मी तारेनं मोकळ्या केल्या होत्या. फुंकर मारली की शीळ वाजायची. बाप वाजवायचा तश्शी." हिल्दोनं डोळे पुसले.

तेवढ्यात देल्फिनानं कार्ब्युरेटर उचलला, एका भोकाला ओठ लावले, गाल फुगेपर्यंत फुंकलं, आणि निमूटपणे तोंड पुसलं.

"घाणेरडी!" नेल्बा म्हणाली.

जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या शेडमध्ये ट्रक चकचकीत उभा होता. नव्या कातड्यानं शिवलेल्या दोन बैठकी होत्या.

"एकटा जातोस ना? मग दुसरी कुणासाठी?" नेल्बानं विचारलं. हिल्दो बाहीनं ती बैठक पुसू लागला.

विल्मार लोखंडी पट्ट्या घासत होता. शेजारी जुना रंग काढायला कॉस्टिक सोड्याची बादली.

"यातलं टबात ओतलंस?" देल्फिनानं विचारलं.

"कशाला ओतू? कॉस्टिकनं ॲल्युमिनियमसारखा धातू मरतो, हे हिल्दोकाकांनीच शिकवलंय. पण ऐकतंय कोण? सकाळपासून सगळे माझ्याकडे उंदीर बघावा तसं बघतायत."

"बादलीजवळ दुसरं कुणी आलं होतं?"

"काल रात्री मी जेवायला गेलो होतो. शेड काय, उघडीच असते."

एलेउतेरिओ बाकावर बसला होता. हिल्दोचा मिसरूड फुटल्यापासूनचा मित्र. पायाशी मातेची, म्हणजे इथल्या कडू पाल्याच्या चहाची, थर्मास ठेवायची चामडी पिशवी, बंद. हिल्दोनं आपल्या थर्मासातून पाला भरलेल्या तुंब्यात गरम पाणी ओतलं, पहिला तुंबा रिवाजाप्रमाणे स्वतः प्याला, आणि दुसरा नेहमीसारखा एलेउतेरिओच्या हातात दिला.

"तुमचं माते काढा ना," देल्फिना त्याला म्हणाली. "हिल्दोचं कडू आहे."

"माझं पाणी गार झालंय."

"यंत्र तुम्ही निवडलंत म्हणे?"

त्याची छाती फुगली. "मग! दुकानातच ॲल्युमिनियमचा कागद बुडवून पाहिला. बुडबुड्यांनी त्याची चाळणी झाली, तेव्हा घेतलं. खालचा नळ बघा, गरम करायची सोय बघा. दोष यंत्राचा नाही, बाई. त्या पोरानं टबात कॉस्टिक ओतलं. मी जाळी बाहेर काढली तर हाताची आग आग झाली!"

"मग टब रिकामा केलात?"

"छे, मी पाण्याला हात लावला नाही. तसाच हिल्दोला उठवायला धावलो."

"अगंबाई!" नेल्बा म्हणाली. "त्याच पाण्यात मी आत्ता, तुम्ही बोलत होतात तेव्हा, माझ्या गजराच्या घड्याळाची पेटी धुतली की! बघ, ॲल्युमिनियम कसं आरशासारखं चमकतंय!"

देल्फिना तिच्याकडे बघत राहिली. "नेल्बा, तू सोन्यासारखी आहेस. फक्त तुला ते माहीत नसतं."

"म्हणजे गं?"

"ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक सोड्यात उकळलंस तर?"

"काळं पडेल."

"आणि पेटी चमकतेय. म्हणजे टबात कॉस्टिक नव्हतंच. आग झाली ती एलेउतेरिओच्या गोष्टीत, हाताला नाही."

देल्फिनानं काळा कार्ब्युरेटर पुन्हा हातात घेतला.

"दुसरं. हिल्दोच्या कार्ब्युरेटरची शीळ वाजायची. याच्यात फुंकून माझे गाल दुखले. आतल्या वाटा वाळलेल्या पेट्रोलनं गच्च आहेत. हा यंत्रात गेला असता, तर आधी त्याच वाटा मोकळ्या झाल्या असत्या. हा यंत्रात गेलाच नाही. हिल्दो, हा तुझा नव्हेच. भंगारातला जुळा भाऊ, विल्मारच्या बादलीत बुडवून काळा केलेला, म्हणजे नाव विल्मारचंच यावं."

"मग माझा कुठाय?"

"एलेउतेरिओला गार पाण्याचं माते पिण्यापेक्षा मरण बरं वाटतं, हे गावाला ठाऊक आहे. असा माणूस थर्मास गार का होऊ देईल? थर्मास पिशवीत असला तर ना!"

विल्मारनं पिशवी उचलून उघडली. थर्मासाच्या जागी, मऊ कापडात, राखाडी, अंग शाबूत असलेला कार्ब्युरेटर.

हिल्दोनं तो ओठाला लावला. बारीक, लांब शीळ घुमली.

"तुझ्यासमोर मी विल्मारला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "आणि तू मान डोलावत होतास."

एलेउतेरिओ जमिनीकडे बघत होता. "ट्रक चालू झाला असता, तर तू गेला असतास. या गावात मला तुझ्याशिवाय आहे कोण? इथं मी कुणाशी भांडू?"

"विचारलं असतंस! दुसरी बैठक कुणासाठी शिवली होती, लेका?"

एलेउतेरिओनं ट्रककडे पाहिलं.

हिल्दोनं तुंबा पुन्हा भरला. बाकावरून एलेउतेरिओचा हात सवयीनं पुढं आला. हिल्दो त्या हातासमोरून गेला आणि तुंबा विल्मारला दिला.

"कडू आहे, काका," विल्मार म्हणाला.

"पी," हिल्दो म्हणाला. "आणि मग बापाच्या ट्रकला हा बसवायला मला मदत कर."

पुढं आलेला तो हात बराच वेळ तसाच होता.