एक मिनिट रूम टोन

एक्कावन्नाव्या वर्षी मी आबिड्सच्या एका फिल्म क्लासात नाव घातलं. पहिल्या दिवशी वॉचमनला वाटलं, मुलीला सोडायला आलेय. वर्गातली बाकीची सगळी विशीतली. ती मला आंटी म्हणतात, आणि कॅमेऱ्यात बघण्याआधी मला चष्मा बदलावा लागतो म्हणून न कुरकुरता थांबतात.

डिप्लोमाची फिल्म नऊ मिनिटांची, माझ्या मायवर. सरुबाई परभणीकडून लग्न होऊन नल्लकुंट्याच्या या दोन खोल्यांत आली आणि गेल्या वर्षी इथूनच गेली. तिचा एकही व्हिडिओ नाही. कॅमेरा निघाला की ती चहा टाकायला आत जायची. साखरपुडा असो, बुद्धपौर्णिमा असो, प्रत्येक फोटोत आमच्या हातात कप आहेत आणि ती नाही. दारातून डोकावून माणसं मोजायची, तेवढेच कप मांडायची. स्वतःला कधी मोजलं नाही. तिचा चहा सगळ्यांच्या नंतर, आत ओट्यापाशी, एकटीनं.

फिल्मच्या शेवटी मी तिला बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसवून चहा पाजणार होते. तेवढा एक शॉट राहिला होता, आणि हाताशी एकच दुपार. संध्याकाळी सहाला माझा धाकटा भाऊ अनिरुद्ध घराची किल्ली नव्या मालकाला देणार होता.

फिल्ममध्ये मायची भूमिका करणारी भाग्यलक्ष्मी कुकटपल्लीहून आली होती. तिला मराठी बोलता येत नाही, पण मायचं निळं पातळ तिला नेमकं शोभलं. गॅस परत केलेला, त्यामुळे चहा म्हणजे नळाच्या पाण्यात कालवलेली कॉफी पावडर. मायच्या कपबश्या टीपॉयवर मांडल्या.

"आंटी, ये सचमुच पीना है क्या?" भाग्यलक्ष्मीनं कपात बघून विचारलं.

"नको गं बाई. ओठाला लाव फक्त."

तिनं कप उचलला, ओठाला लावला, खिडकीबाहेर पाहिलं. नऊ टेक झाले.

"चांगला तर आहे, आंटी," कॅमेऱ्यामागून प्राजक्ता म्हणाली.

"काहीतरी चुकतंय."

"काय?"

"ते कळलं असतं तर दहावा घेतला नसता का?"

ऊन भिंतीवरून सरकलं. मी पॅकअप म्हटलं.

पॅकअपआधी रूम टोन घ्यायचा असतो. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि एक मिनिट ती शांतता रेकॉर्ड करायची. पुढं एडिटिंगमध्ये ठिगळं लावायला लागते. ध्वनीचं काम स्वप्नाकडं होतं. ती हेडफोन लावून उभी राहिली. अर्ध्या मिनिटात तिनं हात वर केला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"कपां रख रैं कोई. बशीवर. मैं गिनी ना, चार."

आम्ही चौघी तर बाहेरच्याच खोलीत होतो. मग मी आत जाऊन आले. ओट्यावर नळाखेरीज काही नव्हतं. कपबश्या सगळ्या टीपॉयवरच होत्या.

"शेजारचं असेल," मी म्हटलं.

भाग्यलक्ष्मीची बस होती. पातळ घडी घालून माझ्या हातात देऊन ती गेली. स्वप्नानं पुन्हा रेकॉर्डर लावला. मिनिट संपल्यावर तिनं हेडफोन काढले. तीन बोटं वर केली.

प्राजक्ताला अचानक लाइट परत करायचे आठवले. "एकटीला नाही उचलायचे," असं म्हणत स्वप्नाही निघाली. दारातून म्हणाली, "टोन तुम्हीच घ्या, आंटी. लाल बटन. मैं नक्को."

जिन्यावरचे त्यांचे आवाज विरले. मी हेडफोन लावले, लाल बटण दाबलं.

आधी माझाच श्वास. लांबवर रिक्षाचा हॉर्न. मग आत, ओट्यावर, बशीवर कप टेकल्याचा बारीक आवाज.

एक. हिशोब बरोबर होता.

मी बटणाकडं बोट नेलं. तेवढ्यात, थोडा विचार करून ठेवल्यासारखा, दुसरा कप टेकला.

अनवाणी पावलं बाहेर आली. माझ्या पाठीमागं स्टूल करकरलं.

मी वळले नाही. वळले असते तर ती आत गेली असती. आयुष्यभर तेच झालं होतं. मी रेकॉर्डरवरच्या आकड्यांकडं बघत बसले. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.

मग फुर्रकन लांब घोट. बशीतला.

लहानपणी रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून मी हा आवाज ऐकलाय. कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. माय चहा बशीत ओतून प्यायची. आणि मी भाग्यलक्ष्मीला नऊ वेळा कपानं प्यायला लावलं.

मिनिट संपलं. दुसरंही संपलं. मी बटण दाबलं नाही.

खाली अनिरुद्धच्या गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा स्टूल पुन्हा एकदा करकरलं. मग खोलीत फक्त खोली उरली.

मी वळले. कपांतलं तपकिरी पाणी होतं तसंच होतं. फक्त स्टुलासमोरचा कप बशीवरून उतरवून बाजूला ठेवला होता. रिकामा.

मी बशी उचलली. गरम होती.